स्पीकरवरची खळी

आज आजोबांचे जुने स्पीकर दुरुस्त करून घेतले. कडेचा फोम बिस्किटाच्या चुऱ्यासारखा गळत होता. दुरुस्तीवाल्यांनी पुढची कापडी जाळी काढली, तेव्हा सकाळच्या उन्हात डाव्या स्पीकरच्या मधोमध ती खळी दिसली.

अनू, तू तेव्हा चार वर्षांची होतीस. जाळी काढलेली असताना तिथल्या काळ्या फुगीर टोपीत तू बोट खुपसलंस. "हात लावायचा नाही म्हटलं होतं ना!" आजोबा केवढ्यानं ओरडले! तू टेबलाखाली जाऊन रडलीस. दोन दिवसांनी तुमचं विमान होतं. पुढे फोनवर ते तुझी शाळा विचारायचे, तिकडची थंडी विचारायचे. ती गोष्ट मात्र त्यांनी कधी काढली नाही. दर रविवारी जाळी काढून स्पीकर पुसताना त्या खळीभोवती ब्रश अगदी हळू फिरवायचे. ते गेल्यापासून ब्रश मी फिरवते.

"काकू, टेप लावून खळी ओढून काढतो. नव्यासारखं दिसेल."

"नको, राहू द्या."

"वाईट दिसतं हो."

"मला नाही दिसत."

अनू, तू भिंतीवर काढलेल्या रेघोट्या रंगाखाली गेल्या. तुझ्या हाताची एवढीच खूण या घरात उरली आहे.

दुरुस्तीवाले गेल्यावर मी तबकडी लावली आणि जाळी न बसवताच ऐकत बसले. गाण्याबरोबर ती खळी थरथरत होती.

अनू, तुला रडवल्याचं आजोबांना फार लागलं होतं. तेवढं तुला सांगायचं त्यांचं राहून गेलं.