केमच्या मुलींना घेऊन सोलापूरच्या दवाखान्यात

"बाई, नर्स व्हायला लगीन झालेलं चालतं का?" मॅट्रिकच्या वर्गातल्या इंदूनं तास संपल्यावर दारात थांबून विचारलं, आणि आमची सोलापूरची सहल ठरली.

सत्तरच्या दशकात मी केम गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. वर्गातल्या बहुतेक मुली घरात पहिल्यांदाच इतक्या शिकत होत्या. डॉक्टर म्हणजे पुरुष आणि नर्स म्हणजे सिनेमातली, एवढीच त्यांची माहिती. इंदूला स्थळ आलं होतं. परीक्षा झाली की उरकून टाकायचं, असं घरात चाललं होतं. मी काही सांगण्यापेक्षा पोरींनी स्वतः जाऊन बघावं, असं मला वाटलं. सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या मुख्य सिस्टरना पत्र टाकलं, त्यांनी "जरूर या" म्हणून कळवलं. हेडमास्तरांनीही परवानगी दिली, पण "काही कमीजास्त झालं तर तुम्ही जबाबदार" असं बजावूनच.

इंदूचे वडील सोपानराव कुंकवाच्या कारखान्यात कामाला होते. ते म्हणाले, "मी संगं येतो. न्हायतर पोरगी येणार न्हाय." म्हटलं, चला.

अशी सहल काढायची असेल तर थंडीतच काढा. सोलापूरचं ऊन मुलांना सोसत नाही. आम्ही जानेवारीत सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. विद्यार्थ्यांच्या सवलतीत तिकिटं स्वस्त पडली. मुली हट्टानं खिडकीशी बसल्या आणि इंजिनाचे कोळशाचे कण डोळ्यांत घेऊन चोळत राहिल्या. कुर्डुवाडीला गाडी निवांत थांबते, तिथं चहा उरकून घ्यावा. पुढं माढा, मोहोळ. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसाला आलेली. सोपानराव सोलापूर येईपर्यंत दाराशीच उभे होते.

स्टेशनवरून दोन टांगे करून दवाखान्यात पोचलो. आम्हाला फिरवून दाखवायला लक्ष्मी नावाची शिकाऊ नर्स दिली होती. विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी, गोड हेल काढून मराठी बोलायची. "आमच्या घरात सगळे मागावर. मीपण बसले असते की," ती हसत म्हणाली. तिनं एक्स-रेची खोली दाखवली, औषधं देणारे फार्मासिस्ट दाखवले, प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब दाखवला. दवाखान्यात इतकी निरनिराळी माणसं लागतात, हे मुलींना ठाऊकच नव्हतं. एकीनं विचारलं, "तुमाला चक्कर न्हाय आली कदी?"

"पहिल्यांदा आली की. मग कामात राहूनच गेली."

बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर पोचलो, तेवढ्यात आतून आरडाओरडा ऐकू आला. अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली एक बाई अडली होती. नवरा औषधं आणायला बाहेर गेलेला, बरोबर दुसरं कुणी नाही. ती कुणाला अंगाला हात लावू देईना आणि फक्त कानडीत ओरडत होती. कानडी येणारी आया नेमकी रजेवर होती.

"मला तेलुगू येतं, उर्दू येतं," लक्ष्मी रडकुंडीला येऊन म्हणाली, "कानडी तेवढं नाही."

"आपलं पोट फाडणार हायत, असं म्हनती ती," इंदू म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं वळून पाहिलं. इंदूची आई अक्कलकोटकडची. मायलेकी घरात कानडीच बोलत. मुख्य सिस्टर बाहेर आल्या, त्यांनी मला नजरेनंच विचारलं. मी मान डोलावली आणि इंदूला आत नेलं गेलं.

सोपानराव उसळले. "बाई, कुवार पोर हाय माझी! तितं कशाला धाडली? उद्या गावात काय तोंड दावू?"

मला हेडमास्तर आठवले, इंदूच्या सासरची होऊ घातलेली माणसं आठवली. सोपानराव दाराकडं निघाले आणि मी आडवी उभी राहिले, एवढंच केलं.

दाराआडून इंदूचा आवाज येत होता, "अंजब्याड अक्का, अंजब्याड." घाबरू नको गं, घाबरू नको. हळूहळू त्या बाईचं ओरडणं थांबलं, नुसतं कण्हणं उरलं. आतल्या डॉक्टरीणबाई सांगत होत्या आणि इंदू ते कानडीत पोचवत होती. सोपानराव तसेच उभे, हात दाराच्या दिशेनं अर्धवट उचललेला. मग एकदम सगळं शांत झालं. बाहेर मुलींनी एकमेकींचे हात घट्ट धरले.

आणि बाळ रडलं.

मी भिंतीला टेकून खाली बसले. माझ्या शेजारी सोपानरावही बसले. इंदू बाहेर आली ती घामानं निथळत. "पोरगी झाली. दोगी चांगल्या हायत," तिनं सांगितलं. सोपानराव उठले आणि तिला प्यायला पाणी आणून दिलं.

दुपारी लिंबाखाली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. इतकी भूक मला पुन्हा कधी लागली नाही. परतीच्या गाडीत माढा गेल्यावर सोपानरावांनी हळूच विचारलं, "बाई, ह्ये शिकताना पोरींनी ऱ्हायचं कुटं?" हॉस्टेलचं, विद्यावेतनाचं लक्ष्मीनं जे सांगितलं होतं ते सगळं मी सांगितलं.

घरी पोचले तेव्हा अंग ठणकत होतं, पण मन कापसासारखं हलकं होतं. सगळ्या मुली सुखरूप घरी गेल्या होत्या. पुढं त्यांतल्या दोघी प्रयोगशाळेच्या कामात शिरल्या, एक औषधांच्या दुकानात लागली. बाकीच्या बहुतेकींची लग्नं झाली. पण पोरं आजारी पडली की आता अंगारा लावून गप्प बसत नाही, असं त्यांतली एक मला भर बाजारात सांगून गेली. मला तेही कमी वाटत नाही.

परीक्षेनंतर सोपानराव शाळेत आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "पावण्यांना सांगितलं, पोरगी शिकणार हाय. थांबतील तर थांबतील, न्हायतर दुसरीकडं बघतील."

पाहुण्यांनी दुसरीकडं बघितलं. इंदू सोलापूरला गेली.