एक्केचाळिसावी ओळ

लोर्ना फ्रीसेनने आयुष्यभर एकच काम केलं. दुसऱ्याच्या हातून आलेली वस्तू नीट आहे की नाही, ते बघायचं. एकोणिसाव्या वर्षी ती किचनर शहरातल्या बटणांच्या कारखान्यात लागली. पट्ट्यावरून बटणं सरकत यायची आणि कपचा उडालेलं बटण तिच्या डोळ्यांआधी बोटांना कळायचं. कारखाना बंद पडला तेव्हा ती बँकेत गेली, बँकेची शाखा बंद पडली तेव्हा इथे आली. इथे म्हणजे एका जुन्या बुटांच्या कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावरचं चार टेबलांचं ऑफिस.

कंपन्या हॅकेथॉनमध्ये, म्हणजे कॉलेजच्या पोरांच्या दोन दिवसांच्या प्रोग्रामिंग स्पर्धांमध्ये, बक्षिसं जाहीर करायच्या, पुठ्ठ्याचा दाराएवढा मोठा चेक हातात धरून पोरांसोबत फोटो काढायच्या आणि निघून जायच्या. खरे पैसे खऱ्या माणसाला मिळाले का, हे लोर्ना बघायची. प्रत्येक बक्षिसाला तिच्या शीटमध्ये एक ओळ. ओळखपत्र, काम त्याच दोन दिवसांत केलेलं आहे याचा पुरावा, कराचा फॉर्म, पोचपावती. शीट स्पॉन्सरला कधीही उघडून बघता यायची आणि तिच्या प्रत्येक मेलची प्रतही त्यांना जायची. फोनवर काही विचारायचं नाही, आडून काही बोलायचं नाही, हा लोर्नाचा नियम. पूर्वी कुणीतरी फोनवर काहीतरी कबूल केलं होतं आणि नंतर कानावर हात ठेवले होते. तेव्हापासून सगळं शीटवर, सगळ्यांसमोर. याच गोष्टीसाठी कंपन्या तिचं नाव घ्यायच्या.

मार्चमध्ये एक्केचाळिसावी ओळ अडली. थंड मालाचे ट्रक चालवणाऱ्या एका कंपनीचं नऊ हजार डॉलरचं बक्षीस होतं. टीममध्ये चार नावं. तिघांचे कागद दोन दिवसांत आले. चौथ्या, वॉल्टर टब, याच्याकडून काहीच येईना. तीन स्मरणपत्रं गेली. मग लोर्नाने ओळीशेजारी टीप लिहिली, ‘वॉल्टर कोण? त्यांच्या कागदांशिवाय पैसे सुटणार नाहीत.’

वीस मिनिटांत खाली उत्तर आलं. लिहिणारी डेल्फीन आर्सेनो, टीमची प्रमुख. ‘वॉल्टर रबराचं बदक आहे. कोडमधली चूक सापडेना की आम्ही त्याला एकेक ओळ मोठ्याने समजावून सांगतो. सांगता सांगता चूक आपोआप दिसते. रविवारी सकाळी त्याच्यामुळेच सुटलो, म्हणून फॉर्मवर त्याचंही नाव टाकलं. सगळेच टाकतात.’

लोर्ना हसली. बऱ्याच दिवसांनी ऑफिसात एकटीच हसली. आणि मग तिला शीटच्या कोपऱ्यात छोटासा हिरवा ठिपका दिसला. स्पॉन्सरचा कर्टिस त्याच क्षणी तीच ओळ वाचत होता.

दहा मिनिटांत त्याचा फोन आला.

“लोर्ना, सातवा नियम आठवतोय ना? खोटा स्पर्धक दाखवला तर अख्खी टीम बाद.”

“कर्टिस, ते बदक आहे. अंघोळीच्या टबातलं.”

“मला कळतंय गं. मी एकट्याने वाचलं असतं तर डोळेझाक केली असती. पण ती शीट आमचे ऑडिटवालेही बघतात. तूच त्यांना सवय लावलीस.”

“मग मी तिघांचे कागद पुन्हा तपासून लेखी देते. काम त्यांचंच आहे.”

“दे की. मी पुढे पाठवतो,” तो म्हणाला. दोघांनाही ठाऊक होतं त्याचं काय होणार.

लोर्नाने चार पानं लिहिली. बुधवारी एका वाक्यात नकार आला.

गुरुवारी डेल्फीन स्वतः आली. बुटांना वितळता बर्फ, खांद्यावर सॅक. लोर्नाने तिला कॉफी दिली, डब्यातलं बटर टार्ट पुढे केलं. तिने ते हातात धरून ठेवलं.

“उद्या चारपर्यंत फी भरली नाही तर कॉलेज नाव काढणार,” ती म्हणाली. “सव्वीसशे कमी पडतात. माझ्या वाटणीचे तीन हजार आले असते. घरी विचारायची सोय नाही, बाबांनी हिवाळ्यात मासेमारीची बोट विकली.”

“कॉलेजकडे मुदत मागितलीस?”

“दोनदा.”

“मी पत्र देऊ का त्यांना?”

“काय लिहाल? बदकामुळे अडलं म्हणून?” डेल्फीन किंचित हसली, मग तिचा चेहरा उतरला. “तुम्ही मला एक फोन केला असता ना, तर मी नाव काढून घेतलं असतं. दुरुस्तीची मुदत होती सोमवारपर्यंत. कुणाला कळलंही नसतं.”

“तुझा नंबर नव्हता माझ्याकडे.”

“हो. कुठे विचारलाच नव्हता,” डेल्फीन म्हणाली. तिने टार्ट तसंच टेबलावर ठेवलं, आभार मानले आणि जिना उतरून गेली.

शुक्रवारी चार वाजले, सव्वाचार झाले. लोर्नाने एक्केचाळिसाव्या ओळीत शेवटच्या रकान्यात ‘रक्कम स्पॉन्सरकडे परत’ असं लिहिलं. ओळ आपोआप हिरवी झाली. काम पूर्ण झालं की शीट हिरवाच रंग द्यायची.

खाली बेचाळिसावी ओळ उघडी होती. त्या टीममध्ये पाच नावं. चौघांचे कागद आलेले, पाचवं नाव ‘मिस्टर बिस्किट’. दुरुस्तीची मुदत येत्या सोमवारी संपत होती. टीप लिहायला लोर्नाने बोटं कीबोर्डवर ठेवली आणि उचलून घेतली. मेल लिहिला तरी त्याची प्रत जाणारच होती.

तिने टेबलावरचा फोन जवळ ओढला आणि त्या टीमचा फॉर्म उघडला. नाव, कॉलेज, मेल, पत्ता. ती खालपर्यंत गेली, पुन्हा वर आली. फोन नंबरचा रकाना नव्हता. सहा वर्षांपूर्वी तिनेच तो काढून टाकायला लावला होता.