आव्वाची बोटं

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आणि जिच्याजवळ सगळ्यात आधी बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं जातंय. असं म्हणायलाही लाज वाटते, पण खरं तेच आहे.

सुरुवात घड्याळांपासून करावी लागेल. मला मनगटी घड्याळांचं वेड आहे. छंद म्हणतात तसं नाही — वेडच. समोर माणूस आला की लोक चेहरा बघतात, मी मनगट बघते. आमचे हे मला बघायला आले होते तेव्हा त्यांच्या मनगटावर कुठलं घड्याळ होतं ते मी आजही सांगू शकते. शर्टाचा रंग मात्र आठवत नाही. दहावी पास झाले म्हणून वडिलांनी घड्याळ घेऊन दिलं आणि मी आठवड्याभरात ते उघडून बघितलं. तिथून जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. कोल्हापुरातले सगळे म्हातारे घड्याळजी मला ओळखतात. बंद पडलेली, कुणी परत न्यायला न आलेली घड्याळं ते माझ्यासाठी डब्यात ठेवायचे. बाईमाणसाला ही जुनी पुरुषी घड्याळं कशाला लागतात, असं त्यांनी सुरुवातीला विचारून बघितलं, मग सोडून दिलं. आमच्या कळंब्याच्या घरात आज एकशे तीसेक घड्याळं आहेत, कापूस घातलेल्या खणांमध्ये. एवढी घड्याळं असून ह्या घरात जेवण कधी वेळेवर मिळत नाही, हा आमच्या ह्यांचा ठरलेला विनोद.

नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये. तेहतीस वर्षं रक्त, लघवी, स्लाइड, रिपोर्ट. हे मुद्दाम सांगते, कारण त्या तेहतीस वर्षांत मी एकही रिपोर्ट अंदाजानं दिला नाही. शंका आली तर पुन्हा तपासायचं, पेशंट कितीही ओरडू दे. डॉक्टर म्हणायचे, बाईंनी सही केली म्हणजे बघायला नको. माझ्या शब्दाला वजन होतं. ते पुढं कुठं वापरलं, ते आता येतंच.

सुनंदा माझ्याबरोबर लॅबमध्ये होती. लग्न होऊन शिरोळकडं गेली, नदीकाठच्या गावात, उसाच्या घरात. पण मैत्री राहिली. तिच्या सासूबाईंना सगळं घर आव्वा म्हणतं, म्हणून मीही आव्वाच म्हणायचे. सासरे, म्हणजे आप्पा, बऱ्याच वर्षांपूर्वी गेले. तरुणपणी गुऱ्हाळाच्या चरकात त्यांच्या उजव्या हाताची बोटं गेली होती, अंगठ्याचं पेरसुद्धा. त्यामुळं घड्याळाला चावी देणं त्यांना जमायचं नाही. रोज सकाळी आव्वा पूजा करून, कपाळाला विभूती लावून उठायची आणि आधी नवऱ्याच्या घड्याळाला चावी द्यायची. ते घड्याळ तिच्याच वडिलांनी लग्नात जावयाला दिलेलं. आप्पा गेल्यावरही तिचा नेम चालूच होता. घड्याळ भिंतीतल्या देवळीत विभूतीच्या डबीशेजारी असायचं. घालणारं कुणी नव्हतं, पण ते एक दिवस बंद पडलेलं नव्हतं. मी त्या घरी कितीदा तरी गेले, जेवले, राहिले. पण देवळीतलं घड्याळ हातात घेऊन बघायचं कसं, म्हणून कधी बघितलं नाही.

मग महापूर आला. घरातल्यांना होडीतून काढलं, नऊ दिवस पाणी देवळीच्या वर होतं. पाणी ओसरल्यावर आव्वानं घरात पाऊल टाकलं आणि आधी देवळीत हात घातला. घड्याळ तिथंच होतं, चिखलात रुतून. गाद्या गेल्या, धान्य गेलं, दोन म्हशी गेल्या — आणि सुनंदा चार दिवसांनी माझ्या दारात उभी, हातात कॅरीबॅग, आत रुमालात गुंडाळलेलं ते घड्याळ. आव्वा दुसरं काही मागत नाही, एवढं चालू करून दे, म्हणाली. माझ्याशिवाय आणणार तरी कुणाकडं?

मी ते उघडलं. झाकणाच्या कडेला वर्षानुवर्षांचा मळ इतका घट्ट बसला होता की त्यानंच बरंचसं पाणी अडवलं होतं. थोडा गंज, डायलच्या कडेला एक पुसट डाग. वाचण्यासारखं होतं. मग मी डोळ्याला भिंग लावलं आणि सहाच्या आकड्याखालची ओळ वाचली.

ही ओळ काय, ते तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसाल. आपल्या देशात मनगटी घड्याळं बनायला लागली तेव्हाच्या अगदी पहिल्या काही महिन्यांच्या मालावर, सहाच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत जे छापलंय ते नंतरच्या मालावर वेगळं आहे. बस, एवढंच. बाकी डायल सारखंच, काटे सारखेच. जगात कुणाला त्याचं सोयरसुतक नाही, आमच्यासारख्या पाचपन्नास येड्यांना सोडून. माझ्याकडं नंतरच्या मालाची तीन होती. पहिल्या मालाचं नव्हतं. खणात त्याची जागा मी वीस वर्षं रिकामी ठेवली होती.

मला ते मागता आलं असतं. सुनंदानं दिलंही असतं, कदाचित आव्वाला समजावून. पण मागितलं की नाही म्हणायचा अधिकार समोरच्याकडं जातो. मी मागितलं नाही.

मी काय केलं ते सरळ सांगते. आप्पांच्या घड्याळाचं डायल आणि मशीन काढून घेतलं, स्वच्छ केलं, आणि माझ्या खणात ठेवलं. त्यांच्या केसमध्ये माझ्याकडचं नंतरच्या मालाचं डायल आणि मशीन बसवलं. केस त्यांचीच, ओरखडे त्यांचे, काच त्यांची, पट्टाही धुऊन पुसून त्यांचाच लावला. बाहेरून बघणाऱ्याला सगळं तेच. मनात म्हटलं, नदीकाठचं घर, पुढच्या पुरात हे गेलंच असतं. माझ्याकडं नीट तरी राहील. आणि त्यांना काय, चालू घड्याळ हवं होतं, ते मिळतंय. लॅबमध्ये असा हिशेब मांडणाऱ्या पोरीला मी दाराबाहेर काढलं असतं.

सुनंदा घड्याळ घेऊन गेली. जाताना माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन. हसत होती. आव्वा म्हणतीय, ह्ये त्यांचं न्हाय. मीही हसले. आठवड्यानं पुन्हा फोन, आता हसणं कमी. आव्वा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली होती की मालकांचं घड्याळ बदललंय. शेजारच्या बायका सुनंदाला खोदून खोदून विचारायला लागल्या, घड्याळ कुणाकडं दिलंतं म्हणून. सुनंदाला माझ्यासाठी लाज वाटत होती — विचार करा, माझ्यासाठी. एकदा येऊन तूच समजावून सांग, म्हणाली, तुझं ऐकेल.

मी गेले. शिरोळला जाणाऱ्या एसटीत बसून मी काय ठरवत होते? खरं सांगायचं? नाही. मी भिंग बरोबर घेतलंय ना, ते दोनदा तपासलं. सोप्यात सगळे जमले होते: सुनंदा, तिचा नवरा, शेजारच्या दोघीतिघी. भिंतींवर पुराची ओल अजून छातीएवढी दिसत होती. मी चादर अंथरून घड्याळ उघडलं, भिंग लावलं, झाकणाच्या आतल्या बाजूला जुन्या घड्याळजीनं सुईनं कोरलेली खूण सगळ्यांना दाखवली. ती खूण खरी होती, झाकण आप्पांचंच होतं ना. सुनंदाच्या नवऱ्यानं मान डोलावली. शेजारणींनीही.

आव्वा झाकण बघायलासुद्धा वाकली नाही. ती म्हणाली, "मी रोज मोजतो. एकेचाळीस फेरं बसत्यात, मग आडतंय. ह्यात तेहतीसलाच आडतंय."

मी वर्षानुवर्षं घड्याळं जमवतेय. डायल ओळखते, काटे ओळखते, आवाजावरून मशीन ओळखते. पण आम्ही जमवणारे लोक चावी देतो ती चालतंय का बघण्यापुरती, पाचदहा फेरे, आणि परत कापसात. एवढ्या घड्याळांतल्या एकाचेही फेरे मी कधी मोजले नव्हते. हे कुणी मोजत असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

तेव्हा जे बोलले, ते हे. बाकीचं सगळं एका बाजूला ठेवा. मी आव्वाच्या समोर बसले, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आव्वा, घड्याळ तेच आहे. वय झालं की बोटांना पहिल्यासारखं समजत नाही. मोजायला चुकतं."

तेहतीस वर्षांच्या सहीचं सगळं वजन मी त्या वाक्यात घातलं.

आव्वानं हात सोडवून घेतला आणि आपल्या बोटांकडं बघितलं. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर घासून बघितलं. मग म्हणाली, "मग माझंच चुकत आसंल. तू शिकलेली हाईस." सुनंदानं सुटकेचा श्वास सोडला आणि आत पोहे करायला गेली. मी ते पोहे खाल्ले.

घरी येऊन दुसऱ्या दिवशी मी खणातलं मशीन एका मोकळ्या केसमध्ये बसवलं, अडेपर्यंत चावी दिली, एक अख्खा दिवस चालू दिलं, आणि पुन्हा चावी दिली. मोजत. एकेचाळीसला अडलं. आणखी एक दिवस चालू दिलं, पुन्हा मोजलं — सवयच ती, शंका आली की पुन्हा तपासायची. एकेचाळीस. फोन हाताशी होता. मी तो उचलला नाही.

ह्यानंतर आव्वा घड्याळाबद्दल काही बोलली नाही. एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित हे लिहायलाही बसले नसते, मी काही फार थोर बाई नाही. पण सुनंदाचे फोन यायचे, आणि त्यातून मला कळत गेलं. आव्वा दुधाची किटली नुसती उचलून किती दूध आहे ते सांगायची. तिनं ते सांगणं सोडलं, सुनंदाला म्हणाली तूच मापानं घाल, माझं चुकतंय. आमटीत मीठ घातलं का, ते दोनदोनदा विचारायला लागली. जेवली की नाही, तेही. घरच्यांनीही मग घड्याळापासूनच सुरुवात धरली — तेव्हाच कळायला पाहिजे होतं, म्हणायचे. कपाटाच्या किल्ल्या तिच्या कमरेवरून सुनंदाकडं गेल्या. गॅसला हात लावू नको असं सांगितलं. भाकरी बंद झाली. ती काही सांगायला लागली की नातवंडं एकमेकांकडं बघून हसायची, आणि ते तिला दिसायचं.

डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या. रक्त माझ्याच जुन्या लॅबमध्ये आलं. मी फोन करून रिपोर्ट विचारले. सगळे चांगले होते. त्या बाईत काहीही बिघडलेलं नव्हतं, हे डॉक्टरांच्याही आधी मला माहीत होतं. मी एकटीच होते जिला माहीत होतं. एक फोन केला असता तर आव्वाला तिच्या किल्ल्या, तिचा तवा, तिचं डोकं परत मिळालं असतं. आणि माझी सुनंदा गेली असती, अब्रू गेली असती, खणातलं घड्याळ गेलं असतं. ह्यात आधी कुठलं आठवायचं, ते विचारू नका. घड्याळ आठवायचं.

असं चार वर्षं चाललं. मधे सहासात वेळा तरी त्यांच्या घरी गेले असेन. आव्वा माझ्याशी नीट बोलायची, चहा घे म्हणायची. पण ती माझ्याकडं बघायची तेव्हा मी दुसरीकडं बघायचे. तिला कळलं होतं का? मला वाटायचं, नाही कळलं. तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

गेल्या वर्षी आव्वा गेली. मातीला मी गेले होते. सगळं आटोपल्यावर महिन्याभरानं सुनंदा घरी आली, पिशवीतून ते घड्याळ काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. जायच्या आठ दिवस आधी आव्वानं तिला जवळ बोलावून, अगदी शुद्धीत, सांगितलं होतं. सुनंदानं तिचे शब्द तसेच सांगितले: "ह्ये त्या लॅबवाल्या पोरीचं हाय. तिचं तिला नेऊन दे. आमचं काय ते तिच्याकडं हाय, ऱ्हाऊ दे."

हे सांगताना सुनंदा हसत होती आणि डोळेही पुसत होती. म्हणाली, "शेवटपर्यंत डोक्यातनं गेलं न्हाई बघ तिच्या. एवढं कसं गं बिघडलं तिचं?"

मी घड्याळ उचलून घेतलं. सुनंदाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "म्हातारपणी होतं गं असं."