अक्कांचा गुडघा आणि मी वाचलेला कागद

चौदा वर्षं ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवी होती, त्यांच्यासमोर बसून तर मी रोज चहा पीत होते.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. अर्धापूरजवळ आमची केळीची बाग आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा माझं डीएड अर्धवट राहिलं होतं. आता कशाला शिकायचं, असं सगळ्यांचं मत. अक्का एकट्याच म्हणाल्या, "शिकू द्या की तिला. भाकरी मी थापते." त्यांना स्वतःला वाचता येत नाही. म्हणून घरात आलेला प्रत्येक कागद, लग्नपत्रिका असो की औषधाची चिठ्ठी, माझ्या हातात यायचा. शोभानं वाचलं म्हणजे झालं! केवढा मान होता तो — आणि मी त्याचं काय केलं?

बागेत घड काढायचे दिवस होते. काढलेले घड मातीला लागू नयेत म्हणून खाली केळीची पानं अंथरतात. ओल्या पानावरून अक्कांचा पाय सरकला आणि गुडघा पिरगळला. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हाड शाबूत आहे, पण आत सांधा धरून ठेवणारी दोरी फाटलीय. अक्का बाहेर बाकावर बसल्या होत्या. डॉक्टर बोलले ते माझ्याशीच, आणि पुढचं सगळं त्यांनी कागदावर लिहून दिलं.

माझी शेवटची परीक्षा चार आठवड्यांवर आली होती. अक्का खाटेवर, म्हणजे चूल माझ्याकडे. मग अभ्यास कसला आणि परीक्षा कसली? — बघा, किती घोळवतेय मी. वर्गात मुलं असं करतात तेव्हा मी चटकन म्हणते, मुद्द्यावर ये.

कागदावर सहा आठवडे लिहिलं होतं. सहा आठवडे पायावर भार नको, उकिडवं बसणं नको. मग परत दाखवायला या, मांडीचे व्यायाम शिकवू. मी ओसरीवर सगळ्यांसमोर वाचलं — तीन आठवडे. व्यायामाचं आणि परत दाखवायचं तर वाचलंच नाही. कुठं अडखळलेही नाही.

बाविसाव्या दिवशी अक्का चुलीपुढं उकिडव्या बसून भाकरी थापत होत्या. पुढच्या आठवड्यात मी परीक्षेला गेले. पास झाले, तेव्हा पेढे त्यांनीच वाटले. लंगडत वाटले. माझी नोकरी, गावात बाई म्हणून मिळणारा नमस्कार, यातलं काही त्यांनी मला दिलेलं आहे, आणि काही मी त्यांच्या नकळत काढून घेतलेलं.

अलीकडे गुडघा बोलायला लागला. सकाळी उठल्यावर आखडायचा, चढ चढला की सुजायचा. अक्का दुकानातून गोळ्या आणून खायच्या. गेल्या वर्षी मीच त्यांना दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, मार लागलेल्या सांध्यातली गादी कधीकधी बऱ्याच वर्षांनी झिजते, हा त्यातलाच संधिवात. झिजलेली गादी परत येत नाही, पण गुडघा चालता ठेवता येतो. मनानं गोळ्या खाणं बंद, वजन आवरायचं, सपाटीवर चालायचं, मांडीला बळ आणायचं. आम्ही चूल मोडून उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा बांधला. रोज शाळेआधी अक्का गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबून धरतात आणि मी दहा मोजते. आता त्या महादेवाच्या देवळापर्यंत पायी जातात. देव पावला असंच मला वाटतं. पण वाटेत भेटेल त्या बाईला त्या सांगतात, "शोभा हाय म्हणून मी चालून राहिले." ते ऐकून मी कुठं बघावं?

गेल्या आठवड्यात तपासणीला गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, गुडघा पिरगळला तेव्हा विश्रांती किती घेतली होती?

अक्का ऐटीत म्हणाल्या, "तीन आठवडे. कागदात होतं तेवढं पुरं केलं बघा. आमची शोभा वाचती, एक अक्षर चुकत न्हाई."

"सहा होते, अक्का," माझ्या तोंडून निघालं. "मी तीन वाचले. माझ्या परीक्षेसाठी."

डॉक्टरीणबाई सांभाळून घेत म्हणाल्या, पूर्ण विश्रांती घेऊनही कधीकधी असं होतं. होत असेल. पण त्या दिवशी ओसरीवर मला ते ठाऊक नव्हतं.

अक्का माझा हात न धरता उठल्या आणि गाडीकडे चालू लागल्या. घरी पोचताच आपल्या खोलीत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दाराशी नुसतीच उभी राहिले. त्या खाटेवर पाय पसरून बसल्या होत्या. टॉवेलची गुंडाळी त्यांची त्यांनीच करून गुडघ्याखाली घेतली होती.

"उभी काय ऱ्हायलीस? शाळंला उशीर व्हईल," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मोज. अन् पुरे दहा मोज."

मी शेजारी बसले आणि एकपासून सुरुवात केली.