आधी आकडा, मग चहा

आमच्या सेंट्रल ओटागोत कुणाच्याच कुरणात ससे नसतात. असतात ते शेजाऱ्याचे; आपल्याकडे नुसते चरायला येतात.

नोएलीन गेडिस ते मोजते. शाळेची बस चालवणं सुटलं, तेव्हा ससे-निर्मूलन समितीनं हे काम तिच्या गळ्यात घातलं. गमबूट चढवून ती कुरणं तुडवते. बिळांच्या तोंडाशी गुडघे टेकून माती ताजी उकरलीय का, लेंड्या ओल्या आहेत का ते बघते आणि एक ते पाच आकडा देते. एक म्हणजे ससा शोधावा लागतो. पाच म्हणजे लेंडी चुकवून पाय ठेवता येत नाही, आणि मालकाला मुदतीत ससे हटवण्याची नोटीस.

आकडा सांगेपर्यंत ती कुणाच्या घरचा चहा घेत नाही. सुरुवातीला आमच्याच ह्यांनी तिला गरमागरम स्कोन खिलवून चाराचे तीन करून घेतले होते. त्यावरून ती शहाणी झाली.

यंदा पाळी तिच्याच घरच्या कुरणाची आली. नवरा मर्डो समितीचा अध्यक्ष. कुंपणापलीकडच्या रेनीला कडक नोटिसा धाडण्यात त्याची हयात गेलेली. पाच आला, तर पुढची नोटीस त्याच्याच सहीनं त्यालाच जायची.

मी अंडी द्यायला गेले होते. नोएलीन कुरणातून आली, तर साखरेचा डबा कुठे असतो हे ज्याला ठाऊक नाही, तो मर्डो चहा करून उभा!

"बस गं, दमलीस."

"आधी आकडा."

"नवऱ्याच्या हातचासुद्धा नाही?"

"तुझ्या हातचा तर मुळीच नाही. आजच बरा सुचला!"

"हे बघ, कुंपणाजवळची बिळं रेनीकडे उघडतात. म्हणजे राहायला ते त्याच्याकडेच."

"आणि इकडच्या लेंड्या?"

"कुणी कुठे बसावं, यावर माझं काय चालतंय!"

"रेनीही हेच म्हणाला होता. त्याला तू काय लिहिलंस?"

मर्डो चहा ढवळत राहिला.

"पाच," नोएलीन म्हणाली.

बैठकीत मर्डोनं स्वतःला नोटीस बजावली, स्वतःच मुदतवाढ मागितली आणि मोठ्या मनानं मंजूरही केली. कुणी हरकत घेतली नाही. ज्याला त्याला आपापलं कुरण आठवत होतं.

हरकत घेतली नोएलीननं. आकडा उतरेपर्यंत घरचा चहा बंद. रेनीचा आकडा कधीच सांगून झालेला, म्हणून रोज दुपारी ती चहाला त्याच्याकडे जाऊ लागली. बायको कुंपण ओलांडताना मर्डो खिडकीतून बघायचा. शेवटी मुदत शिल्लक असतानाच त्यानं ट्रॅक्टर काढला आणि आपल्या बाजूची बिळं नांगरायला घेतली.

"अरे मर्डो," रेनी कुंपणावरून ओरडला, "माझ्या सशांसाठी तू कशाला डिझेल जाळतोयस?"

मर्डोला ऐकू गेलं नाही. ट्रॅक्टर फार आवाज करतो म्हणे.