वालूरची नावं आणि गोधडीतला कॉम्प्युटर

परभणीतून निघालो तेव्हा जीपच्या पुढच्या सीटवर कॉम्प्युटर बसला होता. ठेवला नव्हता, बसला होता. दोन गोधड्या पांघरून, वरून सुतळी आवळून, ड्रायव्हरशेजारच्या मानाच्या जागेवर. आणि आम्ही दोन जिवंत माणसं मागच्या फळीवर, मांडीवर टीव्ही आणि व्हिडिओ धरून.

जीप चालवत होते प्रभाकरभाऊ. भाऊ म्हणजे सिनेमाचे निर्माते. मुंबईचा आधार नाही, पुण्याचा नाही, जे काढलं ते परभणीत बसून स्वतःच्या हिमतीवर. सिनेमा थेटरात टिकला नाही तेव्हा लग्नांचं व्हिडिओ शूटिंग केलं. आणि यंदा फिल्मचा कॅमेरा विकून हे मशीन घेतलं. म्हणाले, "आता पुढचा सिनेमा ह्याच्यातून निघणार." बाजारातली माणसं हसली. मीपण हसलो असतो, पण टायपिंग येतं म्हणून मलाच नोकरीवर ठेवलं होतं. गंगाखेडच्या शाळेत मास्तरांच्या नकला करून मी जेवढ्या छड्या खाल्ल्या तेवढीच गॅदरिंगची बक्षिसंही घेतली. ती कला भाऊंना पगारात फुकट मिळाली.

माझ्या शेजारी होते उस्मानचाचा. भाऊंचे जुने एडिटर. हैदराबादला फिल्म कापायला शिकलेले. सिनेमा शूट झाला की कुठलं ठेवायचं, कुठलं कापायचं, हे सगळं चाचांच्या कात्रीवर. निघायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं होतं, "भाऊ, ये वालूर का काम हुआ की मैं चला हैदराबाद, बेटी के घर. तुमारे डब्बे में कैंची कू काम नै."

भाऊ तोंडावर हसले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "रस्ताभर चाचाला हसवत ठेव. ते गेले तर अवघड हाय. मला मशीन येतंय, पण सिनेमा त्यांनाच येतो."

वालूरचं काम असं होतं. भाऊंनी आपला सिनेमा काही वर्षांपूर्वी वालूरमध्येच काढला होता, गावातल्याच माणसांना घेऊन. शेवटाला फिल्म संपली. कलाकारांची नावं दाखवायला तुकडासुद्धा उरला नाही. तेव्हापासून वालूरचा माणूस परभणीच्या बाजारात भेटला की पहिलं वाक्य ठरलेलं, "भाऊ, सगळं दावलं, पर आमचं नाव कामून न्हाई दावलं?" आता कॉम्प्युटरमधून टीव्हीवर अक्षरं सोडता येत होती. म्हणून भाऊंनी ठरवलं की नव्या मशीनचं पहिलं काम हेच. सिनेमाची व्हिडिओ कॅसेट केली होती, नावं मी टाईप केली होती. गावात नेऊन दाखवायचं, बस.

सरळ रस्ता खड्ड्यांचा, म्हणून मशीनच्या तब्येतीसाठी आम्ही लांबून निघालो. जिंतूर, देवगाव फाटा, सेलू, मग वालूर. थंडीचे दिवस. दोन्ही बाजूंनी ज्वारी निसवलेली (कणसं बाहेर पडलेली). मी चाचांना भाऊंची नक्कल करून दाखवली, हसले नाहीत. मग त्यांची स्वतःचीच केली, तेव्हा म्हणाले, "नाक से बोलता मैं?" आणि ज्वारीकडं बघत बसले.

देवगाव फाट्यावर चहाला थांबलो. हॉटेलवाल्यानं जीपमध्ये डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आत कोण हाय? बाळंतीण हाय का?"

"व्हय," मी म्हणालो, "अवघडलेली हाय. वालूरला नेऊ लालोत."

त्यानं पळत जाऊन गरम पाण्याचा तांब्या आणला. चाचा पहिल्यांदा हसले. मी बायकी आवाजात गोधडीतून "आई गं" काढलं, तेव्हा तर चहा त्यांच्या नाकातून आला. भाऊंनी माझ्याकडं पाहून डोळा मारला.

हॉटेलात दुसरा विषय नव्हता, मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर नुकतंच झालं होतं. कुणी पेढे खाऊन आलेलं, कुणी पेपरात तोंड खुपसून बसलेलं. त्या दिवसांत मराठवाड्यात 'नाव' हा शब्द माणसं जरा आजूबाजूला बघूनच काढायची. आणि आम्ही जीपभर नावं घेऊन चाललो होतो.

वालूरला पोचलो तर सोसायटीचे चेअरमन बाजीराव दारात उभे. सिनेमात सावकार झाले होते ते. "या, या! आज नाव येतंय म्हणं. पावण्यारावळ्याला सांगितलंय सगळ्या." जेवायला बसवलं. येसर आमटी (भाजलेल्या धान्या-डाळीच्या मसाल्याच्या पिठाची आमटी), बाजरीची भाकरी, वर तीळ. येसर एवढी झणझणीत की माझ्या कानातून आवाज यायला लागला. मी म्हणालो, "मामा, पाणी." बाजीराव म्हणाले, "पाणी पिऊ नगस, अजून एक वाटी घे. मंजी पहिलीचं काई वाटत न्हाई."

जेवण झालं आणि तिथंच घोळ झाला.

नावं एका फ्लॉपीत होती. चौकोनी, तळहाताएवढी, प्लॅस्टिकची. भाऊंनी ती चाचांच्या हातात दिली, "सांभाळा चाचा, सगळी नावं ह्यातच हायती." त्यांना वाटलं, जबाबदारी दिली की म्हातारा खूश होईल.

चाचा लिंबाखाली गेले. फिल्मच्या माणसाला हातात काही दिलं की तो आधी उजेडाकडं धरून बघतो, आत चित्र कसं आलंय. चाचांनी फ्लॉपी सूर्याकडं धरली. काळी. उलटी केली. काळी. मग अडकित्ता मागितला, कडेनं उचकटली, आतली पातळ चकती काढली, सदऱ्याच्या टोकानं पुसली, फुंकर मारली आणि पुन्हा सूर्याकडं धरली. मी भाकरीचे हात धुऊन येईपर्यंत हे सगळं झालेलं.

"भाऊ," चाचा गंभीरपणे म्हणाले, "दुकानदार तुमकू फसाया. इसमें एक बी फ्रेम नै."

भाऊ बाजेवर बसले ते बसलेच. मी म्हणालो, "कामून घाबरायलाव? मशीनमध्ये असंल की दुसरी प्रत."

"न्हाई."

"न्हाई मंजी?"

"टाईप केलेलं सगळं पुसून मशीन रिकामं करून आणलंय मी. खड्ड्यात भरलेलं हिंदकळलं असतं."

आता सांगा, कुणाला हसायचं? एकानं चकती पुसली, दुसऱ्यानं घागरीसारखं मशीन ओतून आणलं. चाचांना कळलं काय झालं ते, आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला. "मैं बोला था ना, मेरा काम नै ये," एवढंच म्हणाले आणि आपली पिशवी जवळ ओढली. मला वाटलं, गेला माणूस. इथूनच सेलूची एस.टी. पकडतो का काय.

तेवढ्यात बाजीराव आले, "झालं का? लावा की."

शेवटी चाचाच उठले. म्हणाले, "कॅसेट लगाओ. जो चेहरा आया, उसका नाम लिखो. मेरेकू चेहरे सब याद हैं, नाम गाववाले बोलेंगे."

मंदिरासमोर टीव्ही मांडला. शेजारी मशीन, पुढं मी. चाचा कॅसेट थांबवायचे, लोक ओरडून नाव सांगायचे, मी कीबोर्ड बडवायचो. पहिलंच चित्र, डोक्यावर दोन घागरी घेऊन येणारी बाई.

"आमच्या वाड्यातली सुंदरामाय हाय ती!" मागून एक पोरगी ओरडली. बौद्धवाड्यातल्या बाया मागं भिंतीपाशी उभ्या होत्या.

"सुंदराबाई साळवे," मी टाईप केलं.

बाजीरावांनी घसा साफ केला. "आधीच्या यादीत पहिलं नाव माझं व्हतं."

ते खरं होतं, भाऊंनी त्यांना तसं आधीच कळवलंही होतं. भाऊंनी लग्नपत्रिकेसारखी मानपानानं यादी केली होती. चेअरमन, सरपंच, पोलीस पाटील, मग बाकीचे. भाऊ माझ्याकडं बघायला लागले, मी चाचांकडं.

चाचा म्हणाले, "तुमारा चेहरा कब आता मामू? बैलगाडी के बाद. तो नाम बी बैलगाडी के बाद. मैं जैसा जोडा, वैसाच आयेगा."

बाजीरावांचा कान लाल झाला. मी पटकन त्यांच्याच सावकाराचा आवाज काढला, "जमीन सोडीन, पर मिशी सोडणार न्हाई!" सिनेमातलं त्यांचं वाक्य. माणसं खदखदली. बाजीरावांनी मिशीवर हात फिरवला, म्हणाले, "असं न्हाई म्हणलो मी, जरा ठसक्यात म्हणलो व्हतो." आणि उभं राहून स्वतः म्हणून दाखवलं. मग खाली बसले. "लावा. बैलगाडीनंतर तर बैलगाडीनंतर."

दिवस मावळता मावळता नावं सुरू झाली, सिनेमा त्यानंतर लावायचा होता. सुंदराबाई साळवे. अक्षरं खालून वर चढली आणि गेली.

"गेलं?" सुंदरामाय म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं. पोरीनं बोट दाखवेपर्यंत नाव वर निघून गेलं होतं.

चाचांनी मला कोपरानं ढोसलं. "वापस आता क्या?"

"हे बटन दाबायचं."

"फिल्म घिसती नै?"

"काई झिजत न्हाई."

त्यांनी बटन दाबलं. नाव परत आलं. मग विचारलं, हळू जातं का? जातं म्हणालो. "तो हळू कर ना! आदमी अपना नाम ढूंढेगा, बाजूवाले कू ठोसा मारेगा, तब तक ठैरना मंगता." मी वेग कमी केला. ते म्हणाले, अजून. मी अजून केला. या वेळी सुंदरामायनं पुढं येऊन काचेवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, सगळी अक्षरं संपेपर्यंत. मग सगळ्यांनाच आपापलं पुन्हा पाहिजे झालं. चाचांचं बोट बटनावरून हललं नाही. सिनेमा सुरू व्हायच्या आधी जेवणवेळ झाली.

दुसऱ्या दिवशी सरळ रस्त्यानं परतलो, भरलेलं मशीन घेऊन. काही हिंदकळलं नाही. परभणीच्या स्टेशनसमोर चाचा पिशवी घेऊन उतरले. भाऊ स्टेअरिंग धरून समोर बघत बसले. मला एकही नक्कल सुचेना.

चाचा थोडं चालले आणि मागं फिरले.

"भाऊ, कुएं के सीन में पीछे एक बुड्ढा जाता, छत्री लेके. उसका नाम किसने लिखा?"

"तो मधीच घुसला व्हता, चाचा. आपल्या सिनेमातला न्हाई."

"चेहरा आया ना?"

फिल्म एकदा कापली की चाचांचा सिनेमा तिथं संपायचा. जे राहिलं ते राहिलं, असं म्हणून झोपायची सवय लागते माणसाला. या मशीनमधला सिनेमा मात्र उघडाच राहतो, कधीही मागं जाता येतं, कुणालाही आत घेता येतं. बाजार त्यालाच हसत होता. मला वाटतं, चाचांना तेवढीच एक गोष्ट त्या डब्ब्यात आवडली.

त्यांनी पिशवी जीपमध्ये टाकली. "बेटी कू खत डालता मैं. और सुनो, बैलगाडी के पीछे बी चार जन हैं."

त्यांचा विचार बदलायच्या आत भाऊंनी जीप सुरू केली.