सकाळी अदलाबदल झालेला शेजारी

शेजारीण गॅरेजमध्ये जमिनीवर पडली होती आणि खाली रक्त होतं. तिला आठवा महिना होता. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला इंग्रजी येत नाही, म्हणून तिच्याच फोनवरून माझ्या सुनेला ऑफिसात कळवलं. सुनेने अँब्युलन्स पाठवली.

तिचा नवरा बर्फावरची हॉकी खेळायचा. गोल करणं त्याचं काम नव्हतं. आपल्या चांगल्या खेळाडूला कोणी पाडलं की त्या पाडणाऱ्याला ठोसे मारायचे, हे काम. त्याच्या सुजलेल्या बोटांना मी हळदीचा लेप लावून द्यायची. त्या सकाळी टीमने त्याला दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात दुसरा खेळाडू घेतला. असं झालं की त्याच दिवशी निघावं लागतं. तो निघून गेला होता.

हॉस्पिटलमधून सुनेने त्याला फोन केला.

"संध्याकाळी मॅच आहे म्हणतो," ती मला म्हणाली.

"त्याला सांग, मारामारीला दुसरा कोणीही उभा करतील. इथे तूच लागतोस."

"आई, असं कसं सांगू? नव्या टीममध्ये त्याचा फर्स्ट डे आहे!"

"मी सांगितलं तसंच सांग."

तिने सांगितलं. तो मॅच सोडून आला. बोटं अजून पिवळीच होती.

मुलगी जगली. तिची आईही जगली.